भोरड्यांचा वाटा

दिवाळीच्या दिवसांत आमच्या गावात दोन आवाज असतात. एक फटाक्यांचा, तो सगळीकडेच असतो. दुसरा भोरड्यांचा. घरोघर फराळाची ताटे फिरत असतात, अंगणात पोरे फुलबाज्या फिरवीत असतात, आणि त्याच वेळी ओढ्याकाठच्या बाभळींवर हजारो चोचींचा एकच कलकलाट चाललेला असतो. पुण्या-मुंबईहून सणाला आलेला पाहुणा तो ऐकून दचकतो आणि विचारतो, "हे काय हो?" आम्ही करंजीवरची नजर न काढता सांगतो, "काही नाही, भोरड्या आल्या."

हे "काही नाही" मी आजवर किती सहज म्हणत आलो, याचा विचार करण्याची पाळी गेल्या थंडीत माझ्यावर आली. तीच हकीकत आज सांगणार आहे. हकीकत लहान आहे; पण तिने माझ्यापुढे जो प्रश्न टाकला तो मला अजून पुरता सुटलेला नाही. सणासुदीला घरात चार माणसे एकत्र बसलेली असतात. त्यांनीही तो थोडा चघळावा, म्हणून लिहितो.

भोरडी ही साळुंकीच्या कुळातली. आकाराने जवळजवळ तेवढीच. डोके, मान, पंख आणि शेपटी काळी कुळकुळीत, आणि पाठपोट गुलाबी. थव्यात मातकट रंगाच्या पिलांचा भरणा पुष्कळ असतो, म्हणून दुरून सगळ्याच मळकट दिसतात. त्यांचे माहेर मध्य आशियातल्या गवताळ मैदानांत. तिथे त्या अंडी घालतात, पिले वाढवितात आणि पिलांना पंख फुटले की आपल्याकडे निघतात. पहिल्या टोळ्या पावसाळ्यातच दिसू लागतात. थंडी पडली की टोळ्यांचे थवे होतात. माघ-फाल्गुनात पळस, पांगारा, सावर फुलतात, तेव्हा त्या फुलांतला मध पितात. म्हणून त्यांना पळसमैना असेही म्हणतात. आणि चैत्र सरता सरता एके दिवशी बाभळी एकदम मुक्या होतात. गेल्या म्हणायचे.

आमचे गाव सोलापूर जिल्ह्यात, भीमेच्या खोऱ्यात. जमीन काळी, पाऊस बेताचा, आणि पीक म्हणजे शाळू. शाळू निसवतो, चिकात येतो आणि कणसे भरू लागतात ते नेमके थंडीत. म्हणजे आमच्या ताटातली भाकरी आणि भोरड्यांचा मुक्काम यांचा मुहूर्त एकच.

संध्याकाळी दिवस मावळायच्या आधी अर्धा तास हे थवे ओढ्यावर जमतात. पूर्वेकडून एक टोळी येते, माळावरून दुसरी, तळ्याकडून तिसरी. मग सगळ्या मिळून आकाशात जे काही करतात त्याला नाच म्हणावे की लाट म्हणावे हे मला ठरवता येत नाही. कधी धुराचा लोट उठल्यासारखा थवा वर जातो, कधी चादर झटकावी तसा फडकतो, मधेच दुभंगतो आणि पुन्हा मिटतो. इतक्या हजारांत एकाचा पंख दुसऱ्याला लागत नाही. माझ्या एका कादंबरीत नायक-नायिकेची भेट मी अशाच एका थव्याखाली घडवली आहे. त्या प्रकरणाबद्दल वाचकांची कौतुकाची पत्रे आली होती. नायिका ज्या बांधावर उभी होती ते रान कोणाचे, हे एकाही पत्रात कोणी विचारले नव्हते. आणि खरे सांगायचे तर मलाही ते ठाऊक नव्हते.

दरसाल डिसेंबरात मी सातवीची मुले घेऊन एका संध्याकाळी ओढ्यावर जातो. मॅट्रिकच्या पुढे माझे शिक्षण गेले नाही. शास्त्र मला मिळते ते वाचनालयातून आणि वर्तमानपत्रांतून. त्यात वाचले होते की इटलीतल्या काही शास्त्रज्ञांनी रोम शहरात थंडीत येणाऱ्या मैनांच्या थव्यांची छायाचित्रे घेऊन हिशेब मांडला. त्या मैना भोरड्यांच्या नात्यातल्याच. २००८ साली त्यांनी आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला, तो असा : थव्यातला पक्षी सगळ्या थव्याकडे पाहत नाही, त्याला कोणी पुढारीही नसतो, तो आपल्या जवळच्या सहा-सात शेजाऱ्यांकडे तेवढे लक्ष ठेवतो. शेजारी वळला की तो वळतो. एवढ्यावर सगळा थवा एका जिवाचा असल्यासारखा हलतो. त्या शास्त्रज्ञांपैकी जॉर्जो पारीसी यांना पुढे २०२१ साली पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले.

ही गोष्ट मी मुलांना सांगितली, आणि मास्तरकीच्या सवयीने शेपूटही जोडले : "बघा, आपणही आपल्या सहा-सात शेजाऱ्यांची काळजी घेतली, तर सगळे गाव एका जिवाचे होईल." मुलांनी माना डोलावल्या. गुरुजींची उपमा पटली नाही तरी मान डोलवावी लागते, हे मुलांना लवकर कळते.

दुसऱ्या दिवशी 'संध्याकाळचे आकाश' या विषयावर निबंध लिहायला दिला. बहुतेकांनी मला हवे तसे लिहिले. आकाशात रांगोळी होती, सूर्यनारायण होते, निसर्गाची किमया होती. एका मुलाने मात्र तीनच वाक्ये लिहिली होती : "भोरड्या फार आहेत. आता त्या बाभळीवर झोपतील. उद्या दिवस उगवला की आमच्या रानात येतील." मी तांबड्या शाईने शेरा मारला, "विषय सोडून लिहिले आहे. सौंदर्याचे वर्णन हवे." दहापैकी दोन गुण दिले.

जानेवारी लागला आणि तो मुलगा शाळेत यायचा बंद झाला. चार दिवस गेले, आठ गेले. हजेरीपटावर त्याच्या नावापुढे गैरहजेरीची रांग लागली, तेव्हा एका संध्याकाळी मी त्याच्या घरी गेलो. बाप पुण्यात एका इमारतीवर राखणीला असतो. घरी आई आणि दोन पोरे. मी जरा रागातच म्हणालो, "ताई, पोराचे वर्ष वाया जाईल. त्याला शाळेत पाठवा."

ती चुलीपुढून उठली नाही. म्हणाली, "पाठिवते की. पर पाखरं कोन हाकील? धाकटी अजून बारकी हाय."

"पाखरांसाठी का शाळा बुडवायची?"

"तुमी सांजच्याला बघता गुरुजी, पाखरं," ती म्हणाली. "एकदा सकाळच्याला या."

त्यात टोमणा नव्हता. एखाद्याला जेवायला बोलवावे तशी ती बोलली. म्हणूनच मला ते लागले असावे.

दुसऱ्या दिवशी मी उजाडायच्या आत तिच्या रानात गेलो. दोन एकरांचा तुकडा. मधोमध चार मेढींवर माळा. मुलगा वर उभा होता, अंगात बापाचा जुना स्वेटर, हातात गोफण. खाली त्याची आई पत्र्याचा डबा घेऊन. पूर्वेला तांबडे फुटले आणि ओढ्याकडून तोच कालचा थवा आला. पण आता तो नाचत नव्हता. सरळ, खाली, कामाला निघाल्यासारखा आला आणि शाळवात उतरला. उतरला तोही पाऊस पडल्यासारखा आवाज करीत. ज्या कणसावर भोरडी बसते ते वाकते, आणि ती भराभर दाणे काढू लागते. मुलगा "हाऽऽ हुऽऽ" करून गोफण फिरवी, डबा वाजे, थवा उठे आणि पलीकडच्या रानात जाऊन बसे. तिथला राखणदार त्याला उठवी; तो पुन्हा इकडे. जरा वेळाने माझ्या ध्यानात आले की इथे कोणी पाखरांना घालवीत नाही. जो तो त्यांना शेजाऱ्याकडे पाठवतो आहे. ज्याच्या रानात डबा वाजवायला माणूस नाही, तिथे ती निवांत जेवणार. सहा-सात शेजाऱ्यांवरचे माझे प्रवचन मला त्या बांधावर आठवले आणि ऐन थंडीत माझे कान गरम झाले.

त्या मुलाच्या वयाचा असताना मीही राखण केली आहे. हे मी विसरलो नव्हतो. पण आठवणीतही ठेवले नव्हते. आमच्याही घरी शाळू होता. एकदा गोफणीचा गुंडा थव्यात गेला आणि एक भोरडी खाली पडली. धावत जाऊन मी ती उचलली. तोवर हजारो भोरड्यांचा मला राग होता. त्या एकीचा काही येईना. तळहातावर ती गरम होती, वजन असे नव्हतेच, आणि चोचीला शाळवाचा चीक लागलेला होता. तिने एकदा डोळा उघडला आणि मिटला. मी ती बांधाखाली पुरली आणि कोणाला सांगितले नाही. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा माळ्यावर चढलो, आणि थवा आला तेव्हा पुन्हा तसाच राग आला. पुरलेल्या भोरडीने त्यात काही फरक पडला नाही.

मला वाटते, माणसाच्या मनाची ही मोठी अडचण आहे. दया एकाची येते. थव्याची येत नाही. थव्याचे एकतर कौतुक होते, नाहीतर राग येतो. आणि दोन्ही वेळा त्यातला जीव आपल्याला दिसत नाही. संध्याकाळी मी कौतुक करीत होतो, सकाळी ती बाई रागावत होती. दोघांपैकी कोणाचा दोष अधिक? पूर्वी मी पटकन सांगितले असते. आता सांगवत नाही. कारण माझे कौतुक फुकटचे होते, आणि तिच्या रागाला दोन एकरांची किंमत होती.

इथे तुकोबांची गोष्ट आठवल्याखेरीज राहत नाही. त्यांना एकाने शेत राखायला ठेवले. पाखरे आली. भुकेल्या जिवांना हाकावे कसे, म्हणून तुकोबांनी ती खाऊ दिली आणि आपण नामस्मरण करीत बसले. मालक आला, संतापला, गाऱ्हाणे पंचांपुढे गेले. आणि पाहतात तो शेतात नेहमीपेक्षा अधिक धान्य. लहानपणी आजीच्या तोंडून ही कथा ऐकताना मी पाखरांच्या बाजूचा होतो. आता या वयात मला मालकाचेही दिसते. दाणे त्याचे होते. तुकोबांनी दया केली ती दुसऱ्याच्या धान्यावर. तुकोबांसारख्याच्या वाट्याला देव धावून आला आणि तूट भरून निघाली, म्हणून कथा गोड झाली. पण आम्ही जे बांधावर उभे राहून दुसऱ्याच्या रानातल्या पाखरांबद्दल कळवळतो, त्यांच्यासाठी देव धावत नाही. आणि तूट तर होतेच. ती कोणी भरायची?

दुसरे एक उत्तर शहाण्या माणसांकडून ऐकायला मिळते. ते म्हणतात, भोरडी उपयोगी आहे. टोळ, नाकतोडे ती मटकावते. थोडे दाणे खाल्ले तर काय झाले? हे खरेच आहे. चीनमधल्या शिंच्यांग भागात भोरड्यांनी घरटी करावीत आणि टोळांचा फडशा पाडावा, म्हणून मुद्दाम दगडांच्या राशी रचून ठेवतात. पण नीट पाहा : टोळ मोठ्या प्रमाणावर खाल्ले जातात ते तिकडे, विणीच्या मुलखात, आणि शाळू खाल्ला जातो तो इकडे. जमा एकाच्या वहीत आणि खर्च दुसऱ्याच्या, असा हा हिशेब. तो त्या बाईला कसा समजावून सांगायचा?

हिशेब अर्धाच मांडला तर काय होते, तेही चीननेच दाखविले आहे. १९५८ साली तिथे चिमण्या धान्य खातात म्हणून त्यांच्याविरुद्ध मोहीम निघाली. लोकांनी थाळ्या आणि ढोल बडवून चिमण्यांना कुठे टेकू दिले नाही. उडून उडून त्या आकाशातून पडल्या. मग चिमण्या ज्या किडी खात होत्या त्या माजल्या, आणि १९६० साली नाश करायच्या जीवांच्या यादीतून चिमणीचे नाव काढून तिथे ढेकणाचे घालावे लागले. तेव्हा उपयोगाचा हिशेब खोटा नाही. पण ज्या दिवशी हिशेबात भोरडीकडे बाकी निघेल त्या दिवशी तिने कोणाकडे पाहायचे? उपयोगापुरती दया ही दया नव्हे. ती उधारी आहे.

"एवढ्या आहेत, थोड्या मेल्या तर काय बिघडले?" हेही मी ऐकले आहे, कधीकाळी म्हटलेही असेन. उत्तर अमेरिकेत प्रवासी पारवा म्हणून एक पक्षी होता. ऑडुबॉन या पक्षीचित्रकाराने १८१३ साली केंटकीत त्यांचा थवा पाहिला. तो डोक्यावरून जायला तीन दिवस लागले आणि भर दुपारी ग्रहण लागल्यासारखा उजेड मंदावला. अब्जांनी मोजावेत इतके ते पक्षी होते. लोकांनी ते मारले, पिंपे भरभरून बाजारात विकले, त्यांची राने तोडली. १ सप्टेंबर १९१४ रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मार्था नावाची मादी मेली, आणि ती त्या जातीतली शेवटची होती. अब्जांना कोणी नाव ठेवले नव्हते, शेवटचीला ठेवले. थवा होता तोवर तो कोणालाच दिसला नव्हता, असेच म्हणावे लागते.

मग करायचे काय? नागालँडमधल्या वोखा जिल्ह्यातल्या पांगती गावाची गोष्ट मला थोडी वाट दाखवते. ऐन दिवाळीच्या सुमारास तिथल्या दोयांग जलाशयावर अमूर ससाणे लाखांनी उतरतात. ईशान्य आशियातून निघालेले हे लहान ससाणे भारत ओलांडून, अरबी समुद्रावरून थेट आफ्रिकेला जातात. पांगतीचे आणि आसपासचे लोक जाळी लावून ते पकडीत आणि विकीत. २०१२ साली ही कत्तल जगापुढे आली. काही पक्षीप्रेमी, सरकारी अधिकारी, चर्चमधली मंडळी आणि गावपंचायती एकत्र बसल्या. आणि पुढच्याच वर्षी, २०१३ साली, तिथे एकही ससाणा मारला गेला नाही. त्या वर्षी तीन पक्ष्यांच्या पाठीवर मागोवा घेणारी यंत्रे बसवली; त्यांना नावे दिली नागा, वोखा आणि पांगती. गावाने आपल्याच नावाचा पक्षी समुद्रापार जाताना पाहिला.

या गोष्टीत मला मोठे वाटते ते हे की, ज्यांचे उत्पन्न जाणार होते त्यांनीच तो निर्णय केला. दुरून आलेल्यांनी फक्त धिक्कार करून भागले नसते; त्यांना तिथे जाऊन बसावे लागले. त्याग दुसऱ्याच्या वतीने करता येत नाही. आपल्याला करता येतो तो आपलाच. आणि दुसऱ्याचा थोडा हलका करता येतो.

त्या सकाळी माळ्यावरून उतरलो तेव्हा हे सगळे काही मला सुचलेले नव्हते. एवढेच सुचले की थवा पाहायची हौस मला आहे, तर राखणीचा एक डबा माझ्याही हातात असायला हवा. शाळेत गेल्यावर मी मुलांना विचारले, "उद्या सकाळी माझ्याबरोबर कोण येईल?" जी चार पोरे उठली त्यांतल्या तिघांच्या घरी रान नव्हतेच. आम्ही पाळ्या लावल्या. दिवस उगवल्यापासून शाळा भरेपर्यंत दोघांनी डबा वाजवायचा, रविवारी मी. गोफण मात्र कोणाच्या हातात द्यायची नाही, हे मी बजावले, आणि का ते मुलांना सांगितले. बांधाखाली पुरलेल्या भोरडीची गोष्ट मी त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा बोललो. उन्हे वर आली की पाखरांचा जोर ओसरतो; पुढचे त्याची आई एकटी पाहू शके. मुलगा शाळेत येऊ लागला. शेजारच्या रानकऱ्याने दोन दिवस आमची गंमत केली. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "गुरुजी, दोन पोरं आमच्याकडंबी धाडा की." त्यालाही दिली, नाहीतर आमची भोरडी त्याच्याकडे, हा जुनाच खेळ चालला असता.

पाखरे उपाशी राहिली का? नाही. सगळीकडून उठवली तरी थोडे थोडे ती सगळीकडे खातातच. एकाच रानावर पडणारा भार चौघांवर वाटला गेला, एवढेच. चमत्कारही झाला नाही. खळ्यावर रास पडली ती दरसालच्याइतकी, सहा पोती. त्यात एक दाणा अधिक नव्हता. त्या मुलाच्या वहीतला माझा तांबडा शेरा मी खोडला. त्याची तीन वाक्ये पुन्हा वाचली, तेव्हा कळले की विषय सोडून बाकीच्यांनी लिहिले होते.

यातून प्रश्न सुटला असे मी म्हणत नाही. सहा-सात शेजाऱ्यांपुरते जे जमले ते साऱ्या मुलखाला कसे जमावे, हे मला सांगता येणार नाही. आणि एखाद्या वर्षी पाऊसच हटला, शाळू हातभर वाढला, तेव्हा चौघांनी वाटून घेऊनही ओझे पेलेल का, हीही शंका आहेच. तरी एवढे मात्र मी स्वतःशी ठरवले आहे की, ज्या दयेपायी माझे काही जात नाही ती दुसऱ्याला शिकवायची नाही.

काढणीच्या आधी एका रविवारी त्या ताईंनी मला हुरड्याला बसवले. गोवरीच्या आगटीत कणसे भाजली, हातावर चोळून गरम हुरडा पुढे केला. खाता खाता माझे लक्ष ओढ्याकडच्या कडेला गेले. तिथल्या दोन ओळींवर भोरड्या खुशाल बसल्या होत्या. डबा हाताशी असून ताई उठल्या नाहीत. मी विचारले, "तिकडची नाही हाकत?"

"तिथवर आवाज पोचत न्हाई," त्या म्हणाल्या, आणि आगटीत आणखी दोन कणसे सारली.

त्या दोन ओळी फार तर चाळीस पावलांवर होत्या. मी पुढे काही विचारले नाही.